डबीतली शेळी

माझ्या आत्याच्या उजव्या अंगठ्याने संप पुकारला तेव्हा घरात अंगठ्याची काळजी कुणालाच वाटली नाही. सगळ्यांना शेळीची काळजी वाटली.

आधी आत्या सांगतो, मग शेळीकडे येतो. आत्याचं किल्ल्यांचं दुकान आहे. गल्लीच्या तोंडाशी, दीड माणूस मावेल एवढं. त्यातला अर्धा मी. भिंतभर खिळ्यांना लटकलेल्या कोऱ्या किल्ल्या, एक किल्ली कापायचं मशीन, एक पकड आणि कानशींचा एक गठ्ठा, ज्याला आत्या कुणालाही, म्हणजे मला, हात लावू देत नाही. किल्ली मशीन कापतं, पण आत्याचा मशीनवर विश्वास नाही. मशीनमधून निघालेली किल्ली ती उजेडाकडे धरते, एक डोळा मिटते, आणि अंगठ्याने कानस रेटून एखादा दात किंचित घासते. एवढा किंचित, की तिने घासला की नुसता कुरवाळला हे मला अजून कळलेलं नाही. मग गिऱ्हाईक विचारतं, "अगदी तीच झाली ना हो?" आत्याचं उत्तर ठरलेलं असतं.

"तशीच आहे. लागली तर तीच."

नवीन गिऱ्हाईक हे ऐकून घाबरतं. जुनं गिऱ्हाईक किल्ली खिशात टाकून चालू लागतं.

दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात आत्या गेम खेळते. हातात मावणारं ते यंत्र मुळात माझं. कामाच्या वेळी खेळतो म्हणून तिने ते जप्त केलं आणि म्हणाली, "संध्याकाळी देते." कुठल्या संध्याकाळी, हे मी विचारायला हवं होतं. त्याला ती डबी म्हणते. घरी टीव्हीला जोडलेलं मोठं यंत्र आहे, त्याला डबा.

डबीतल्या गेमचं नाव 'खोरं'. एक गडी एका खोऱ्यात एकटा राहतो. दगड रचून वाट करतो, गवत कापतो, भारे बांधतो, घर शाकारतो. कुणी मरत नाही, कुणी जिंकत नाही, गुण मिळत नाहीत. आत्याच्या मते त्यामुळेच तो विश्वास ठेवण्यासारखा आहे. डबीचा पडदा एवढा लहान की गडी म्हणजे पाच ठिपके, आणि त्यातला एक टोपी. खोऱ्याच्या टोकाला नदी. ती ओलांडता येत नाही. पलीकडे टेकडी, आणि टेकडीवर तीन पांढरे ठिपके. त्यातला वरचा ठिपका सारखा इकडून तिकडे हलतो.

आत्याने पहिल्याच दिवशी निदान केलं होतं. "शेळी आहे. मान हलवतेय बिचारी. पलीकडे सगळा खडक आहे रे, खाईल काय?"

त्या दिवसापासून गडी रोज एक भारा कापतो, नदीवर नेतो आणि पलीकडे भिरकावतो. नेम अंगठ्याने धरायचा, जोर अंगठ्याने भरायचा, सोडायचं अंगठ्याने. दुसऱ्या दिवशी भारा गायब असतो. आणि शेळीच्या शेजारचा पिवळा डाग जरासा वाढलेला असतो. "खाते कमी, नासवते जास्त," आत्या म्हणायची, पण भारा चुकवायची नाही. गल्लीला सगळं ठाऊक होतं. लोक येता-जाता विचारायचे, "शेळी बरी आहे ना?" एकदा एक गिऱ्हाईक गंभीरपणे म्हणालं, ओलं गवत घालू नका, पोट फुगतं. तेव्हापासून आत्या गेममध्ये पाऊस पडत असला तर थांबायची.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो, पुढे लागेल. डबीच्या वरच्या कडेला दोन बटणं आहेत, तर्जन्यांखाली येणारी. दोन्ही एकदम दाबली की गडी दोन्ही हात वर करतो आणि खाली घेतो. त्याला आम्ही आळस म्हणायचो. गेमच्या सुरुवातीला चुकून दाबली गेली तेव्हा आत्याने गड्याला फैलावर घेतलं होतं. "नदीवर येऊन आळस देतोस? शेळी तिकडे उपाशी आणि तू अंग मोडतोस?" आणि मला बजावलं, "ती बटणं दाबायची नाहीत. कामाच्या जागी आळस नाही." मी पुन्हा कधी दाबली नाहीत. मलाही तिथेच काम करायचं होतं.

तर अंगठा. आयुष्यभर कानस रेटून त्याच्या मुळाचा सांधा झिजला होता. डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरला, अगदी आत्या किल्ली धरते तसा, आणि सांगितलं, कानस बंद, बारीक बटणं बंद.

"अंगठेबहाद्दर म्हणू नये कुणी म्हणून शाळेत गेले," बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, "आणि आता अंगठाच गेला."

कानशीचं तिने मनाला फार लावून घेतलं नाही. कानस डाव्या हाताने चालवायला ती लगेच शिकली, आणि पहिल्यांदाच त्या गठ्ठ्यातली एक कानस माझ्या हातात दिली. मी रात्रभर जणू पदवी मिळाल्यासारखा वागलो. पण डबी तिला जमेना. भारा नदीत पडायचा. पुन्हा पडायचा. अंगठा लाल व्हायचा आणि ती ओठ घट्ट मिटून पडद्याकडे बघत बसायची. वरचा ठिपका हलत असायचा.

"मी टाकतो," मी म्हणालो.

टाकला. भारा मागे गेला. नदी पुढे होती.

"राहू दे," आत्या डबी काढून घेत म्हणाली. "तुझ्या भरवशावर शेळी पाळायची म्हणजे तिला आधीच माती दिलेली बरी."

हे मी हसण्यावारी नेलं असतं, पण त्यानंतर तिने डबी ड्रॉवरमध्ये कोऱ्या किल्ल्यांच्या खाली ठेवली आणि ड्रॉवर बंद केला. शेळी कशी आहे म्हणून कुणी विचारलं की ती मशीन चालू करायची. मशीनच्या आवाजात काही ऐकू येत नाही, ही त्याची सोय.

समोरच्या दुकानात गेम विकणारा एक जण आहे. त्याला काहीही विचारलं तरी उत्तर यायला एवढा वेळ लागतो की गल्लीत त्याला लोडिंग म्हणतात. तो एका सकाळी खोका घेऊन आमच्याकडे आला. तेव्हा दुकानात एक बाई किल्लीसाठी थांबल्या होत्या. दार ओढलं गेलं, किल्ली आत राहिली, शेजारणीकडची दुसरी झिजून लागेना, म्हणून तिच्यावरून तिसरी करून घेत होत्या. आणि आत गॅसवर दूध होतं.

"आत्या," लोडिंग म्हणाला, "खोरं आता डब्यावर आलाय. मोठा कंट्रोलर. मुठीनेसुद्धा दाबता येतं. अंगठा लागतच नाही म्हणा ना."

आत्याने डाव्या हातातली कानस थांबवली. "खोरं? हाच?"

"हाच."

"मग पुन्हा पैसे कशाला देऊ? हा माझ्याकडे आहे."

लोडिंग लोड झाला. "नाही, म्हणजे अगदी हाच नाही. डब्यासाठी वेगळा बांधलाय. चित्रं मोठी केलीत. तुमचं इकडचं तिकडे जात नाही. पहिल्यापासून खेळायचं."

"म्हणजे तसाच."

"तसाच."

"मग घेऊच कशाला? माझी शेळी त्यात नाही."

लोडिंगने तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. मी मध्ये पडलो. "आत्या, शेळी असेल की. टेकडी आहे, तर शेळी आहे."

"असेल. पण ती माझ्या हातचं खाल्लेली नसेल." ती लोडिंगकडे वळली. "तू मला सरळ सांग. तोच असेल तर मी एकदा घेतलाय. तसाच असेल तर मला नकोय. तुझ्या खोक्यात तिसरं काही आहे का?"

लोडिंगने खरोखर खोका उघडून आत पाहिलं.

"अहो, माझं दूध गॅसवर आहे," बाई म्हणाल्या.

"बारीक गॅसवर आहे ना?"

"बारीक आहे."

"मग होते किल्ली." आत्याने कानस फिरवली.

बाईंनी जरा वेळ काढला आणि मग न राहवून म्हणाल्या, "मी बोलू का? माझ्या बहिणीला जुळे आहेत. एकासारखा एक. तरी बूट दोघांना वेगवेगळे घ्यावेच लागतात."

"पाय वेगळे आहेत म्हणून."

"तेच म्हणतेय. गेम तोच का तसाच, ते तुम्ही बघा. पण तुमचा अंगठा तोच राहिलाय का?"

  आत्याने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. उजेडाकडे धरला, एक डोळा मिटला.

"नाही," ती म्हणाली. "हा नुसता तसाच आहे."

तिने बाईंना किल्ली दिली, लोडिंगकडून खोका घेतला. बाई पळत गेल्या. दूध उतू गेलं होतं, पण किल्ली लागली.

रविवारी दुपारी आत्या आमच्या घरी आली. बाबा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. त्यांनी टीव्हीवरची मॅच बंद केली, जी ते माझ्यासाठी कधीच बंद करत नाहीत. आत्या सोफ्यावर ताठ बसली. कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि मुठीने बटणं दाबायला सुरुवात केली, कणीक मळावी तशी.

आणि खोरं उघडलं.

मी गेम खेळत वाढलोय, त्यामुळे मला सहसा काही होत नाही. पण हे खोरं मी वर्षानुवर्षं ठिपक्यांत पाहिलं होतं. हिरवा चौकोन म्हणजे गवत, हे आम्ही मान्य केलेलं होतं. आता त्या चौकोनात एकेक पातं वेगळं झालं, आणि वारा आला की एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सगळी पाती ओळीने वाकून उठायला लागली. गड्याला चेहरा होता. टोपी म्हणजे टोपी नव्हतीच. तो गडी डोक्यावर ओलं फडकं बांधून होता, कारण ऊन होतं. आम्हाला ऊन आहे हेच माहीत नव्हतं.

"धाकट्या," आत्या हळूच म्हणाली, "याला मिशा आहेत."

"आहेत, ताई."

"एवढी वर्षं मी याला शिव्या घातल्या."

तिने वाट धरली. सगळी वळणं तिला पाठ होती. गड्याच्या पायाखाली खडी वाजत होती आणि ती बघतच राहिली होती. नदी यायच्या आधी नदीचा आवाज आला. डबीतली नदी निळी पट्टी होती. ही मोठी होती, गढूळ, मध्ये भोवरे, आणि तिच्यावर धुकं. गडी काठावर उभा राहिला. आत्याने मूठ उचलली. 

धुकं सावकाश वर गेलं. टेकडी दिसली. मग टेकडीवरचं पांढरं दिसलं.

"शेळी उभी राहिली," आत्या म्हणाली.

ती शेळी नव्हती. पांढऱ्या डगल्यातली एक म्हातारी बाई होती. खडकावर उभी राहून, हातातलं फडकं डोक्यावर धरून, इकडून तिकडे, इकडून तिकडे हलवत होती. आमच्याकडे बघून.

आत्या उठली. टीव्हीच्या इतकी जवळ गेली की तिच्या चष्म्यात ती बाई दोन झाली.  बाई थांबेचना. डबी बंद असताना, ड्रॉवरमध्ये असताना, रात्री दुकानाचं शटर ओढल्यावर ती काय करत असेल, असं मला उगाच वाटून गेलं.

"ही हाका मारत होती," आत्या म्हणाली. "आणि मी हिला गवत घालत होते."

बाबांनी घसा साफ केला. "उपाशी तर नाही ठेवलंस."

"गप रे."

ती परत येऊन बसली. काय करावं हे तिला कळेना, म्हणून तिने रोज करते तेच केलं. मुठीने नेम धरला, मुठीने जोर भरला, सोडला. पहिलाच भारा पलीकडच्या काठावर पडला.

म्हातारीने फडकं खाली केलं. टेकडी उतरून सावकाश काठावर आली, भारा उचलून पाठीवर घेतला, पुन्हा चढून गेली. तिच्या खडकामागे चार वासे उभे होते. नुसते वासे, वर काही नाही. आम्ही ते झाडंबिडं समजलो होतो. तिने भारा सोडला, गवत झटकलं, आणि वाशांवर एका कोपऱ्यात नीट पसरून ठेवलं. हाताने दाबून पाहिलं. मग परत खडकावर आली आणि फडकं हलवायला लागली.

पिवळा एवढासा कोपरा. बाकी सगळं उघडं.

"पिवळा डाग," मी म्हणालो.  "आत्या, डबीतला पिवळा डाग."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. कुलपाला किल्ली लागताना तिची नजर होते, आतून काहीतरी सरकल्यासारखी, तशी.

"आणि आळस," मी म्हणालो. "तो आळस नाहीये, आत्या. तो हात करतो. कुणाला तरी उत्तर द्यायला." मी कंट्रोलरकडे हात नेला. "हे बघ, दाबतो—"

तिने माझ्या हातावर फटका मारला. दुखऱ्या हाताने.

"इथे नाही. ही तशीच आहे. जी वाट बघतेय ती दुकानात आहे."

आम्ही तिघं गल्लीतून निघालो. बाबा घरातल्या चपलांवर होते. आत्या पळत नव्हती, पण आम्हाला पळावं लागत होतं. रविवारचं शटर वर जाताना ऐकून लोडिंग आला, आणि त्याच्याकडे भाच्यासाठी गेम बघायला आलेल्या दुधाच्या बाईही आल्या. दुकान दीड माणसाचं. आम्ही पाच जण. कोऱ्या किल्ल्या डोक्यावर किणकिणत होत्या. आत्याने ड्रॉवर उघडला, किल्ल्या बाजूला सारल्या, डबी काढली.

पाच ठिपक्यांचा गडी, निळी पट्टी. टेकडीवर तीन पांढरे ठिपके, वरचा हलणारा. आणि शेजारी तो पिवळा डाग, नखाएवढा. आता तो डाग राहिला नव्हता. उतरतं छप्पर होतं, दोन्ही बाजूंनी सारखं, कुठेही भोक नसलेलं. त्यातला एकेक ठिपका आत्याने अंगठ्याने फेकला होता.

"घर आहे," दुधाच्या बाई पुटपुटल्या. त्यांना कुणी काहीच सांगितलं नव्हतं.

आत्याने दोन्ही तर्जन्या वरच्या बटणांवर ठेवल्या. अंगठे तिने बाहेर काढले, हवेत ठेवले. त्यांचं इथे कामच नव्हतं.

"आळस दे रे बाबा," ती गड्याला म्हणाली, आणि दाबलं.

गड्याने हात वर केले.

वरचा पांढरा ठिपका थांबला.

तो थांबलेला आम्ही कधी पाहिलाच नव्हता. डबी बिघडली असं लोडिंगला वाटलं, आणि तसं तो चक्क लगेच म्हणाला. पण मग तीन ठिपके हलले, तिन्ही. टेकडी उतरायला लागले. छपराच्या मागून काहीतरी तपकिरी ओढत त्यांनी काठावर आणलं, आणि निळ्या पट्टीवर पलीकडून अलीकडे तपकिरी ठिपक्यांची ओळ उमटायला लागली. एक. थांबून आणखी एक. पूल एवढा बारीक होता की आम्ही टीव्हीवर ती टेकडी पाहिली नसती तर धूळ समजून पडदा पुसला असता.

आत्याला काही करावं लागलं नाही. गडी उभा होता. तीन पांढरे ठिपके पुलावरून आले आणि पाच ठिपक्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले. आठ ठिपके. माझ्या मुठीत झाकता आले असते. आणि आम्ही पाच मोठी माणसं त्या दीड माणसाच्या दुकानात उभी होतो, आकाशात काहीतरी उघडल्यासारखी.

बऱ्याच वेळाने दुधाच्या बाईंनी विचारलं, "मग काय ठरलं? तोच का तसाच?"

आत्याने चष्मा काढून पदराने पुसला. 

"लागला," ती म्हणाली.

लोडिंगने मान डोलावली, आणि मग त्याच्यातला दुकानदार जागा झाला. त्याने सांगितलं, आत्याचा तो डब्यातला गेम हवं तर तो परत घेईल. खोका फक्त एकदाच उघडलाय, डबीतला पूर्ण झाला, आता दोन-दोन कशाला.

आत्याने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा लोड व्हायला लागला.

"आणि त्या तिकडच्या बाईवर छप्पर कोण घालणार?" ती म्हणाली. "नुसत्या वाशांखाली उभी आहे ती." तिने डबी माझ्या हातात दिली. बंद करू नकोस, असं डोळ्यांनी बजावलं. मग बाबांना म्हणाली, "धाकट्या, चल घरी. आज रात्रीची मॅच विसर."